दोन दारांचं कपाट

खालच्या मजल्यावरचे शिंपी झोपतानाही गळ्यातला टेप काढत नाहीत, अशी बातमी मीच गल्लीत पसरवली होती. ती खोटी आहे. झोपताना काढतात, वहिनींनी तशी खात्री दिलीय. बाकी लग्न असो, मयत असो, दवाखाना असो, टेप गळ्यात. एकदा एका मयताला आम्ही बरोबर गेलो होतो. सगळे माना खाली घालून उभे, आणि हे माझ्या कानात, "बिचाऱ्याला कोट खांद्यात सैल झालाय रे. आजारपणात उतरला असणार. आधी कुणी सांगितलं असतं तर आत घेतला असता." मला हसू आवरेना, आणि लोकांना वाटलं मी रडतोय. त्या दिवसापासून त्यांचं नाव टेपभाऊ. हेही मीच ठेवलं.

घर ज्यू. धंदा चार पिढ्यांचा, त्याच दुकानात, त्याच उत्तरेच्या खिडकीखाली. पुढे काच, काचेत एक बिनडोक्याचा पुतळा, त्याच्या अंगावर अर्धा शिवलेला कोट. आत कापायचं लांब टेबल, दोन मशिनी, इस्त्रीच्या वाफेचा वास. आणि मागच्या भिंतीत एक कपाट.

हे कपाट सरळ नाही. त्याला दोन दारं आहेत. एक दुकानात उघडतं, दुसरं मागच्या बोळात. टेपभाऊंच्या पणजोबांनी भिंत फोडून ते करून घेतलं, का तर आतून ठेवणाऱ्याला कळू नये कोण नेतो आणि बाहेरून नेणाऱ्याला दिसू नये कोण ठेवतो. दानाला त्यांच्या धर्मभाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ न्याय. म्हणजे देणाऱ्याने काही मोठा तीर मारला असं नाही. ज्याचं होतं ते त्याच्याकडे पोचवलं, एवढंच. शिवाय ज्याला दिलं त्याची मान खाली गेली, तर दिलेलं सगळं पाण्यात.

पणजोबा कपाटात ठाणांचे उरलेले तुकडे ठेवत. आजोबांनी ते बंद केलं. "उरलेलं देणं याला झाडलोट म्हणतात," असं ते म्हणत, आणि त्यांनी नव्या कापडाच्या विजारी ठेवायला सुरुवात केली. वडिलांच्या काळात दिवस वाईट आले, तेव्हा त्यांनी अख्खे कोट ठेवले, आणि कापड गिऱ्हाइकाच्या कोटापेक्षा एक पायरी वरचंच. टेपभाऊ तेच चालवत होते. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दुकान बंद करायचं, वहिनींनी घरात मेणबत्त्या लावायच्या, पण त्याआधी कपाटात काहीतरी ठेवायचं. रिकाम्या कपाटावर मेणबत्ती लागत नाही. आत दुकानाची चिठी शिवायची नाही, बटणही नेहमीचं लावायचं नाही. बोळाकडच्या दाराची बिजागरी कुरकुरते. तिला मुद्दाम तेल घालत नाहीत. ती कुरकुरली की दुकानातल्याने लगेच मशीन चालवायची, सुईत दोरा नसला तरी. म्हणजे बाहेरच्याला वाटावं, आतले कामात आहेत, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही.

मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना हे कितीदा झालंय. बोलता बोलता भाऊ एकदम खटखटखट सुरू करायचे. मी विचारायचो, "काय शिवताय?" तर म्हणायचे, "हवा."

आमच्या गल्लीत कुणाचं भांडण चघळलं जातं, कुणाचं पळून जाणं चघळलं जातं. कपाटाचा विषय कुणी काढत नाही. मीसुद्धा काढत नाही, यावरून काय ते समजा. आज लिहितोय ते टेपभाऊंना विचारून. ते म्हणाले, "माझी फजिती पूर्ण लिही, त्यांची अर्धी."

'त्यांची' म्हणजे ग्रंथपालांची. कोपऱ्यावरच्या वाचनालयात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. ताठ कणा, स्वच्छ नखं, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द कपाटातून काढून, धूळ झटकून दिल्यासारखा. पुढे वाचनालय बंद पडलं, इमारत विकली गेली, आणि त्यांना जे मिळायचं होतं ते कुठल्याशा कचेरीत अडकलं. अडकलं ते अडकलंच. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण बेकरीत अर्धा पाव घेणारा माणूस गल्लीपासून किती लपणार?

थंडी सुरू झाली आणि एक दिवस ग्रंथपाल गडद निळ्या कोटात दिसले. काय कोट होता! त्या कोटात माणूस चालत नव्हता, मिरवणूक निघाल्यासारखी वाटत होती. मी गॅलरीतून पाहिला आणि ओळखलं काय ते. तोंडात विडा धरल्यासारखा गप्प बसलो.

मग ती बेकरीतली सकाळ.

रांगेत पुढे ग्रंथपाल, त्यांच्यामागे टेपभाऊ, त्यांच्यामागे मी, मागे आणखी पाचसहा जण. गल्ल्यावर बेकरीवाल्या बाई. कुणाचं काय चाललंय हे कळल्याशिवाय त्यांचा पावही फुगत नाही. ग्रंथपालांची कॉलर मागून जरा उलटी झाली होती. भाऊंचा हात वर गेला. मी पाहिला तो हात. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तो आपला आपण गेला, जसा आईचा हात पोराच्या नाकाकडे जातो. त्यांनी कॉलर सारखी केली, खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! खांदा बघा कसा बसलाय! बाही मात्र कणभर लांब राहिली. दुकानात घेऊन या, आत घेऊन देतो."

बेकरीवाल्या बाई लगेच, "अय्या, म्हणजे हा भाऊंकडचा? कधी शिवून घेतलात?"

टेपभाऊंकडे कोट शिवायला काय पडतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, ग्रंथपाल अर्धा पाव घेतात हेही सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कपाट कुठे आहे हे तर लहान पोरालाही. बाईंच्याही लक्षात आलं आणि त्या उगाच पाव मोजायला लागल्या. ग्रंथपालांची मान मागून लाल झाली. ती मला दिसत होती, भाऊंनाही दिसत होती. त्यांनी पाव घेतला, "आभारी आहे," म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते स्वेटरमध्ये बाहेर पडले. कोपरांना रफू केलेला पातळ स्वेटर. बाहेर असा गारठा की नळाचं पाणी चावत होतं.

मी खाली गेलो तेव्हा दुकानात वहिनी बोलत होत्या आणि भाऊ ऐकत होते. तसं नेहमीच असतं, पण आज भाऊ खरंच ऐकत होते.

"अहो, तोंड आहे की बोळाकडचं दार? कधीही उघडतं!"

"चुकलो."

"तुमचे वडील काय सांगायचे? चारचौघांत माणसाचं तोंड उतरवलं की रक्त सांडल्यासारखं आहे. पहिल्या आठवड्यात मला सांगितलं होतं त्यांनी. मी नवी सून, मला वाटलं माझ्या स्वयंपाकाबद्दल बोलतायत."

"जाऊन माफी मागतो."

"कशाची?" हे त्यांच्या लेकीनं विचारलं. ती दुसऱ्या मशीनवर काज करत होती. बापासारखेच हात, आईसारखी जीभ. "काय म्हणशील बाबा? 'तुम्ही आमच्या कपाटातून कोट नेला हे मी सगळ्यांसमोर बोललो, माफ करा'? एकदा मान खाली घालायला लावलीस, आता घरी जाऊन परत लावणार?"

इथे गाडी रुतली. त्यांच्या धर्माचं सांगणं असं, की देवाचा अपराध केला तर देवाकडे माफी मागता येते. माणसाचा केला तर त्या माणसाकडेच जावं लागतं, देव मधे पडत नाही. आणि या माणसाकडे जायची सोय नव्हती. माफीचा पहिला शब्द उच्चारला की अपराध नव्याने होणार.

"मी जाऊन बोलू का?" मी म्हटलं.

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी माझा चहा घेऊन पायरीवर जाऊन बसलो.

त्यानंतर भाऊंची जी दशा झाली ती पाहवत नव्हती. ग्रंथपाल सकाळी खिडकीसमोरून जायचे, हात काखेत धरून, ताठ. त्यांना खोकला लागला होता. खोकला आला की ते थांबायचे, खोकून घ्यायचे, रुमालाची घडी घालायचे आणि मग पुढे. भाऊ टेबलाच्या आड खाली वाकायचे, खडू शोधल्यासारखे. खडू कानामागे असायचा. जेवण कमी झालं. एका गिऱ्हाइकाच्या विजारीला दोन्ही पाय डावेच कापले. मी म्हटलं, "असू द्या, त्याला कुठे सरळ चालता येतं?" नेहमी या असल्या विनोदाला ते हसतात. त्या दिवशी म्हणाले, "तुला खरं सांगू? मला चांगलं ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"हात आपोआप गेला हे खरं. पण तोंड आपोआप नाही उघडलं." ते कात्रीच्या पात्यावर अंगठा फिरवत बसले. "गिऱ्हाइकांचे कोट शिवतो, ती आरशासमोर उभी राहतात, वा भाऊ म्हणतात. माझं सगळ्यात चांगलं काम जातं कपाटात. त्याला कधी कुणी वा म्हणालेलं मी ऐकलं नाही. तो कोट मी किती दिवस हातानं शिवला होता! खांदा बघितला आणि मला वाटलं, एकदा तरी कुणाला कळू दे. बाहीचं निमित्त केलं. बाही लांब नव्हतीच."

लेकीची मशीन थांबली.

"पणजोबांनी भिंत फोडली ती माझ्यासारख्यांसाठी होती," भाऊ म्हणाले. "घेणाऱ्याची लाज झाकायला नाही नुसती. देणाऱ्याची हाव झाकायला."

आणि मग एक दिवस त्यांनी मला जिन्यात गाठलं. माझ्या अंगात बाजारातून तयार घेतलेला कोट, आत कारखान्याची चिठी एवढी मोठी. भाऊंनी कॉलर धरली. "छान झालाय की. हा मीच शिवला ना रे?"

"भाऊ, हा सेलमधला आहे. एकावर एक फुकट होता. दुसरा मेव्हण्याला दिला."

"असं? मला वाटलं माझाच." आणि गेले.

संध्याकाळी ऐकलं की त्यांनी पोस्टमनला थांबवून त्याच्या सरकारी कोटाची शिलाई आपली म्हणून सांगितली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा पांढरा कोट. तिसऱ्यांदा तर बेकरीवाल्या बाईंचा एप्रन हातात धरून म्हणाले, "हा खिसा मी तिरका लावला होता, आठवतं?" बाईंनी एप्रन सोडवून घेतला आणि मला बोलावून हळूच विचारलं, "यांचे डोळे गेले की डोकं?"

मी घाबरलो. थेट खाली गेलो. भाऊ मशीनवर बसून सुईत दोरा ओवत होते, पहिल्या झटक्यात, चष्म्याशिवाय.

"दार लाव," म्हणाले. "इतकी वर्षं तुझ्या तोंडाला रिकामं हिंडताना बघतोय. आज त्याला काम देतो. सगळीकडे सांग, म्हाताऱ्याची नजर गेली, दिसेल त्याचा कोट आपला म्हणतो. त्या दिवशी बेकरीतही तसंच झालं."

मला उलगडायला थोडा वेळ लागला. मग मी म्हटलं, "भाऊ, गिऱ्हाईक जाईल."

"जाईल."

"शिंप्याचे डोळे गेले म्हटल्यावर राहिलं काय?"

"माझ्या पोरीचे डोळे राहिले. तू सांगणार आहेस की दुसरं कुणी बघू?"

दुसरं कुणी! मी संध्याकाळपर्यंत बोळाच्या शेवटच्या घरापर्यंत पोचलो होतो. बातमी पसरवण्यात मी आयुष्यभर नाव कमावलंय, पण इतक्या जड जिभेनं कधी पसरवली नव्हती. लोक हळहळत आणि मला घरी आल्यावर पाणीसुद्धा गोड लागत नव्हतं. एका नवऱ्या मुलाच्या बापानं सुटाचं कापड परत नेलं. "लग्नात धोका नको," म्हणाला. कापड घडी करून त्याच्या हातात देताना भाऊंनी त्यालाही विचारलं, "हा तुमच्या अंगातला मीच शिवला ना?"

वहिनी आत रडल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "नाटक करताय ते करा, पण निदान माझ्या साडीवर हक्क सांगू नका. ती माहेरची आहे."

आणि ग्रंथपाल? स्वेटरच. खोकलाच. भाऊंची कीर्ती त्यांच्या कानावर गेली नसेल असं होणं शक्य नव्हतं. मीच दोनदा त्यांच्या दाराबाहेर मोठ्या आवाजात बोललो होतो. पण ते तसेच काखेत हात धरून जात राहिले, आणि भाऊ टेबलाआड वाकत राहिले. "त्याला पटलं नाही," भाऊ म्हणायचे. "हुशार माणूस आहे. मी त्याला कोट दिला आणि थंडी परत घ्यायला लावली."

मग एका आठवड्यात गारठा फारच वाढला. एका सकाळी बेकरीची काच आतून धुरकट झालेली. दार उघडलं आणि ग्रंथपाल आत आले. निळ्या कोटात.

भाऊ आमच्यात उभे होते. ते पांढरे पडले. आता करायचं काय? गप्प राहिले, तर दिसेल त्याचा कोट धरणारा म्हातारा नेमका हाच सोडतो, म्हणजे पाणी मुरतंय. हात लावला आणि समोरचा दुखावून माघारी फिरला, तर तो कोट पुन्हा त्याच्या अंगावर चढणार नाही. बेकरीवाल्या बाई पावाची सुरी हातात धरून बघत होत्या. भाऊंनी हात उचलला.

"वा," ते म्हणाले, आवाज अर्धाच फुटला. "हा... हा मीच शिवला ना?"

ग्रंथपाल वळले. त्यांनी भाऊंकडे नीट पाहिलं; एखादं पुस्तक परत आलं की पानं फाटलीत का ते बघावं तसं. मला वाटलं, संपलं.

"भाऊ," ग्रंथपाल म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "परवाही तुम्ही हेच म्हणालात. जरा जवळून बघा. माझ्या बहिणीने पाठवलाय हा. ही कॉलर बघा, वाकडी आहे. असली कॉलर तुम्ही लावाल?"

भाऊ वाकले. कॉलरला नाक लागेपर्यंत वाकले. ती कॉलर वाकडी नव्हती. माझ्या आयुष्यात इतकी सरळ गोष्ट मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

"खरंच की," भाऊ म्हणाले. "वाकडी आहे. गबाळं काम आहे. खांदाही ओढलाय. कुणी शिवला हो हा? हात बांधून ठेवायला पाहिजेत त्याचे."

"बहिणीला कळवतो," ग्रंथपाल म्हणाले.

रांगेत हशा पिकला. बेकरीवाल्या बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आणि मी गाढवासारखी विचारत बसले, कधी शिवून घेतलात म्हणून! भाऊ, आधी डोळे दाखवा कुणाला तरी." कुणीतरी म्हणालं, माझी लुंगीही तुम्हीच शिवली का? सगळे मोकळे हसले. ग्रंथपालांनी अर्धा पाव घेतला, "आभारी आहे," म्हणाले, आणि कोटाची बटणं वरपर्यंत लावून थंडीत गेले.

भाऊ दुकानात आले आणि पुतळ्याशेजारी खाली बसले. वहिनींनी विचारलं, "काय म्हणाले?"

"कॉलर वाकडी म्हणाले."

"मग? माफ केलं की नाही?"

"ते कसं विचारणार?" भाऊंनी टेपनं डोळे पुसले, जवळ तेवढंच होतं. "आयुष्यभर त्या माणसाच्या तोंडून एक खोटा शब्द गेला नव्हता. त्याला बहीण नाही गं. माझ्यापायी त्यानं चारचौघांत खोटं सांगितलं. एक फेडायला गेलो, आता दोन झाले."

ग्रंथपाल गेल्या वर्षी गेले. तोवर चार हिवाळे तो कोट त्यांच्या अंगावर होता. भाऊ भेटले की ते "कसे आहेत डोळे?" विचारायचे, आणि भाऊ "तसेच" म्हणायचे. याच्या पलीकडे त्या दोघांत एक अक्षर झालं नाही. माफी झाली की नाही, हे भाऊंना आजही माहीत नाही. मी म्हणतो, झाली हो, कॉलर वाकडी म्हणाले तीच माफी. ते म्हणतात, तुला काय, तू कशालाही काहीही म्हणतोस.

कपाट चालू आहे. पण कपाटाचं शिवण भाऊंनी त्या वाकड्या कॉलरच्याच आठवड्यात लेकीकडे दिलं. शुक्रवारी ती आत काही ठेवते तेव्हा ते पाठ करून बसतात. काय ठेवलं, कुठल्या रंगाचं, विचारत नाहीत. त्यांना स्वतःच्या हाताचा भरवसा नाही.

परवा मी आणि त्यांची लेक बाजारातून येत होतो. ती बोलता बोलता एकदम वळली आणि नळांच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभी राहिली. आत नळ, तोट्या, पाइपांचे वाकडे तुकडे. ती ते अशा भक्तीनं बघत होती, की मी म्हटलं, "काय गं, लग्नात नळ घ्यायचाय का?"

"बघू दे ना काका. छान आहेत."

आमच्या मागून कुणाची तरी पावलं गेली. काचेत एक करडा कोट सरकताना दिसला, बाईचा, कमरेत सुरेख बसलेला. लेकीच्या मानेवर काटा उभा राहिलेला मी पाहिला. तिचे हात खिशात होते, मुठी वळलेल्या. पावलं पार लांब जाईपर्यंत ती नळ बघत राहिली.

"किती वेळ बघायचे?" मी विचारलं.

"तुम्ही वळलात का काका?"

"थोडासा."

"मग आणखी थोडा वेळ," ती म्हणाली.